मार्लबरोची सरदारकी मुलीकडे गेली होती

असं म्हटलं जातं की ब्रिटिश सरदारक्या फक्त पुरुष वारसाकडेच जातात, घराण्यात पुरुष वारस उरला नाही तर किताब बुडतो. बहुतेक किताबांबाबत हे खरं आहे, पण मार्लबरोच्या ड्यूकपदाचा (ड्यूक म्हणजे ब्रिटिश सरदारांमधला सर्वात वरचा दर्जा) यात मोठा अपवाद आहे. इंग्रज सेनापती जॉन चर्चिल १७०२ साली मार्लबरोचा पहिला ड्यूक झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचा एकुलता उरलेला मुलगा केंब्रिजमध्ये शिकत असताना देवीच्या रोगाने गेला. मग पार्लमेंटने खास कायदा करून किताब मुलींकडे जाण्याची सोय केली. १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. 'ड्यूकची बायको' म्हणून नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिचा मुलगा तिच्याआधीच वारला. म्हणून १७३३ मध्ये किताब धाकट्या बहिणीच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे गेला. म्हणजे घराणं खरं तर स्पेन्सरांचं. 'चर्चिल' हे आडनाव १८१७ मध्ये राजाच्या परवानगीने पुन्हा जोडलं गेलं. चार्ल्सच्या धाकट्या भावाकडे ऑल्थॉर्पची, म्हणजे स्पेन्सरांची मूळ जहागीर आली, आणि राजकन्या डायना त्याच शाखेतली. विन्स्टन चर्चिल थोरल्या शाखेतले. १८९५ ते १८९७ या काळात, ड्यूक असलेल्या चुलतभावाला मुलगा होईपर्यंत, ड्यूकपदाचे पुढचे वारसदार तेच होते.