पॅरिसचं सँत-शापेल: जाऊन आला असाल तर अनुभव लिहा

जूनमध्ये आईबाबांना घेऊन पॅरिसला चाललेय, हातात पाच दिवस. बाकी ठिकाणांची माहिती मिळाली पण माझा खरा जीव अडकलाय सँत-शापेलमध्ये. फ्रान्सचा राजा नववा लुई याने आपल्या राजवाड्यात बांधून घेतलेलं, १२४८ साली पूर्ण झालेलं चॅपल (म्हणजे छोटं प्रार्थनागृह), आणि वरच्या मजल्यावर १५ रंगीत काचेच्या खिडक्या, मोठ्या तर साधारण १५ मीटर उंच! फोटो बघून बघून पाठ झालेत. कुठल्या वेळी जावं, किती वेळ ठेवावा, आणि आईचे गुडघे दुखतात तर वर कसं जायचं? तुम्हाला तिथे काय वाटलं तेही लिहा, नुसत्या टिप्स नकोत.

*

आधी तिकिटाचं बोलते कारण आमची तिथेच चूक झाली. आमच्याकडे म्युझियम पास (बऱ्याच ठिकाणांसाठी एकच तिकीट) होता त्यामुळे थेट जाऊन उभे राहिलो, तर कळलं की पास असला तरी वेळेचा स्लॉट वेगळा बुक करावा लागतो आणि त्या दिवशीचे सगळे स्लॉट संपलेले. दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. बाहेरूनच कळस बघून परतलो, मुलगी रडवेली झाली होती. पुढच्या खेपेला विमानाच्या तिकिटांनंतर पहिलं बुकिंग याचं केलं. आणि हे चॅपल न्यायालयाच्या जुन्या इमारतींच्या आवारात आहे त्यामुळे विमानतळासारखं चेकिंग होतं, बॅगेत सुरी कात्री काचेची बाटली काहीही ठेवू नका. स्लॉटच्या बरंच आधी पोचा. मेट्रोचं सिते स्टेशन अगदी जवळ आहे.

*

आत शिरल्यावर पहिलं लागतं ते खालचं चॅपल, ते राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होतं. छत बुटकं, निळ्यासोनेरी रंगाचं, सुंदरच आहे, पण माझ्या बाबांना वाटलं हेच ते, आणि ते थोडे हिरमुसले. मग कोपऱ्यातला अरुंद गोल जिना चढून वर आलो आणि बाबा जिन्याच्या तोंडाशीच थांबले, मागचे लोक खोळंबले तरी त्यांना हलता येईना. भिंतच नाही हो तिथे! चहूकडे काच आणि मधे बारीक दगडी खांब. एवढं छत कशावर उभंय हा प्रश्न मला तिथेच पडला, नंतर वाचलं की भार बाहेरच्या जाड टेकूंवर जातो आणि शिवाय दगडांच्या आतून लोखंडी साखळ्या फिरवून सगळी इमारत बांधून घेतलीय. ८०० वर्षांपूर्वीची युक्ती. आतून त्यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तर ते तरंगल्यासारखं वाटतं.

*

वेळेबद्दल सगळे सांगतात ऊन असेल तेव्हाच जा, मी दोनदा गेलोय आणि माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा भर दुपारी गेलो, कडक ऊन, दक्षिणेकडच्या काचा अशा पेटल्या होत्या की जमिनीवर, लोकांच्या शर्टांवर लालजांभळे कवडसे पडलेले, पण समोरच्या बाजूच्या खिडक्या त्यापुढे मिणमिणत्या वाटल्या. दुसऱ्यांदा ढगाळ सकाळ होती, मी खट्टू होऊनच गेलो, तर त्या दिवशी सगळ्या खिडक्या सारख्या उजळलेल्या आणि प्रत्येक चित्रातली माणसं, त्यांचे हात, घोडे, नावा नीट दिसत होत्या. थक्क व्हायचं असेल तर ऊन, वाचायचं असेल तर ढग. प्रवेशाच्या वरची गोल खिडकी मात्र पश्चिमेला आहे (ती १५व्या शतकाच्या अखेरची, बाकीच्यांपेक्षा बरीच नवी), तिला उतरतं ऊन हवं. जूनमध्ये सात वाजेपर्यंत उघडं असतं म्हणजे जमेल, हिवाळ्यात पाचलाच बंद.

*

वाचायचं म्हणालात ते अगदी बरोबर. कृपा करून दुर्बीण न्या, छोटी चालेल. एकूण १११३ प्रसंग आहेत, सगळे बघून होणार नाहीत, पण एक खिडकी धरा आणि भिंतीलगत जागा मिळेल तिथे बसून बघा, खालून वर, डावीकडून उजवीकडे. सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून होते आणि फेरी पूर्ण करून शेवटच्या खिडकीत या चॅपलचीच गोष्ट येते. येशूच्या डोक्यावर घातला म्हणतात तो काटेरी मुकुट कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण टाकला होता, लुईने तो १,३५,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊन सोडवून आणला आणि तो ठेवायला हे चॅपल बांधलं, बांधकामाला लागले साधारण ४०,००० म्हणजे पेटी दागिन्यापेक्षा स्वस्त. तो मुकुट आता इथे नाही, नोत्र-दाम कॅथेड्रलकडे आहे, २०१९च्या आगीतून वाचवला तोच. हे माहीत असेल तर मुकुटाची ती रिकामी जागा बघताना वेगळंच वाटतं, मला तरी भरून आलं होतं.

*

मी स्वतः काचकाम शिकतेय म्हणून थोडी भर. तो निळा रंग वरून दिलेला नाही, काच वितळलेली असतानाच कोबाल्ट घालून आलेला आहे, लाल तांब्यामुळे. चेहऱ्याच्या आणि कपड्यांच्या रेघा तेवढ्या वरून रंगवून भट्टीत भाजलेल्या. सुमारे दोन तृतीयांश काच मूळची आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे चक्क न्यायालयाची कागदपत्रं ठेवायचे आणि कपाटांसाठी खिडक्यांचा खालचा दोन मीटर भाग काढून टाकला होता, त्यामुळे अगदी डोळ्यासमोरच्या पट्ट्यात नंतरच्या दुरुस्तीची काच जास्त आहे. मान वर करा, जुनं काम तिथे आहे. २०१५ साली संपलेल्या कामात काचा लेसरने साफ केल्या आणि बाहेरून संरक्षक काच बसवली. मी तिथे दीड तास होते, कमी पडला.

*

आईंच्या गुडघ्यांसाठी: माझ्या सासूबाई लिफ्टने वर गेल्या होत्या, पण ती स्टाफला सांगितल्यावरच मिळते, तेव्हा बुकिंग करतानाच चौकशी करून ठेवा. गर्दीत तो जिना आणि उतरतानाचा, दोन्ही त्यांना नको. संध्याकाळी तिथे संगीताचे कार्यक्रम असतात, आम्ही एक ऐकला, व्हायोलिन त्या दगडात काय घुमतं! पण अंधार पडला की काचा काळ्या होत जातात, कारण त्यांना उजेड बाहेरून लागतो. त्यामुळे दिवसाची भेट चुकवून फक्त कार्यक्रमाला जाऊ नका.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी नऊचा पहिला स्लॉट बुक केलाय, लिफ्टसाठी ईमेल पाठवलाय. बाबांनी कपाटातून दुर्बीण काढून पुसून ठेवलीय आणि आईला शेवटच्या खिडकीची गोष्ट आत्तापासूनच दोनदा सांगून झालीय.