नॅन्सी ड्रूच्या जुन्या निळ्या प्रती: छपाईचं साल ओळखायचं कसं?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी,

मी फास्टर फेणेवर वाढले. नॅन्सी ड्रू ही अमेरिकी मुलगी-डिटेक्टिव्ह हाती आली ती आठवीत, घराजवळच्या लायब्ररीतल्या पिवळ्या पाठीच्या पुस्तकांतून. रोज एक बदलून आणायचं आणि रात्री संपवायचं. आता भाची अकरा वर्षांची झालीय. तिच्या निमित्ताने मीच पुन्हा या पुस्तकांच्या मागे लागलेय.

गेल्या महिन्यात किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात ‘द मिस्ट्री ऑफ द आयव्हरी चार्म’ मिळालं. निळा कापडी पुठ्ठा, जॅकेट (वरचं सुटं कागदी वेष्टण) नाही, आत अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेचा शिक्का आणि त्यावर रद्द केल्याचा दुसरा शिक्का. कॉपीराइट १९३६. घरी येऊन वाचायला घेतलं आणि चक्रावले. मी वाचलेल्या पुस्तकात सर्कशीतल्या हिंदुस्थानी मुलाचं नाव ऋषी होतं, यात तो कोया आहे! पुढचेही कितीतरी प्रसंग मला अनोळखी.

दुसरं म्हणजे, ऑनलाइन एक विक्रेता ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ विकतोय, तेही निळंच. कॉपीराइटच्या पानाचा फोटो टाकून ‘१९३०ची पहिली आवृत्ती’ म्हणतोय आणि साडेचार हजार मागतोय. घ्यावं का? आणि माझं आयव्हरी चार्म खरंच १९३६चं आहे का?

ओहायोवाला

ताई, आयव्हरी चार्म जपून ठेवा. साल कुठलंही निघो, तुमच्या हातात मूळ मजकूर आहे आणि खरी मोलाची गोष्ट तीच.

आधी ऋषी आणि कोयाचं सांगतो. १९५९पासून १९७७पर्यंत नॅन्सी ड्रूची पहिली ३४ पुस्तकं एकामागून एक नव्याने लिहून काढली गेली. नाव तेच, क्रमांक तोच, लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हेच टोपणनाव, पण आतला मजकूर बदललेला. कुठे थोडा, कुठे पार मुळापासून. आयव्हरी चार्मची पाळी १९७४ला आली आणि कोयाचा ऋषी झाला. तुम्ही लायब्ररीत वाचलंत ते हे दुसरं. ‘द मिस्ट्री ॲट द मॉस-कव्हर्ड मॅन्शन’चं तर विचारू नका. १९४१चं पुस्तक आणि १९७१चं पुस्तक यांत नावापलीकडे जवळजवळ काही सारखं नाही. नव्यात नॅन्सी थेट फ्लोरिडात, अवकाशतळाच्या आसपास पोचते.

मजकूर कुठला हे ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. अनुक्रमणिका उघडा. २५ प्रकरणं असतील तर मूळ, २० असतील तर बदललेला. पहिल्या ३४ पुस्तकांना हे लागू पडतं.

आता साल. कॉपीराइटच्या पानावर विसंबून चालत नाही, कारण ग्रॉसेट अँड डनलॅप ही प्रकाशनसंस्था पुढच्या प्रत्येक छपाईत तेच जुनं साल छापत राहिली. १९३०चा कॉपीराइट असलेली प्रत १९५०चीही असू शकते. म्हणून आम्ही यादी बघतो. पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा मजकूर संपल्यावर मालिकेतल्या पुस्तकांची यादी असते, जॅकेटवरही असते. त्यातलं शेवटचं नाव कुठलं ते बघा. ते पुस्तक ज्या वर्षी आलं त्याच्या आधीची तुमची प्रत असणार नाही, आणि त्याच्या पुढचं पुस्तक आलं त्याच्या फार नंतरचीही सहसा नसते. जॅकेट असेल तर जॅकेटवरची यादी आणि आतली यादी जुळते का तेही पाहावं. चांगल्या स्थितीतलं जॅकेट दुसऱ्याच प्रतीवर चढवून विकतात.

चित्रांवरूनही कळतं. तीसच्या दशकातल्या सुरुवातीच्या प्रतींत गुळगुळीत कागदावरची चार चित्रं असायची. मग खर्च कमी करायला सुरुवातीचं एकच ठेवलं, आणि युद्धाच्या काळापासून तेही साध्या कागदावर आलं. त्या काळातल्या प्रती उघडल्या की पानं चहात बुडवल्यासारखी तपकिरी दिसतात. तुमच्या लायब्ररीतली पिवळ्या पाठीची पुस्तकं १९६२पासूनची. त्यांत जॅकेट नाही, चित्र पुठ्ठ्यावरच छापलेलं.

मी हे इतकं का सांगतोय? मी अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडोजवळ राहतो. कॅरोलिन कीन नावाची बाई कधी नव्हतीच, पण आयव्हरी चार्म ज्यांनी लिहिलं त्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन याच गावात पत्रकारी करत होत्या. मालिकेची कल्पना मुलांच्या पुस्तकमालिका काढणाऱ्या एडवर्ड स्ट्रॅटेमायर यांची. पहिल्या काही पुस्तकांच्या कथानकाचा आराखडा त्यांनी दिला आणि पुस्तकं लिहिली बेन्सनबाईंनी. सुरुवातीला एका पुस्तकाचे १२५ डॉलर, हक्क सगळे सोडून द्यायचे आणि नाव गुप्त ठेवायचं. पहिल्या ३० पुस्तकांतली २३ त्यांची. प्रकाशकांचं भांडण १९८०ला न्यायालयात गेलं, तिथे त्या साक्षीला आल्या आणि तेव्हा कुठे लोकांना कळायला लागलं. २००२ला त्या गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन, आणि शेवटपर्यंत वर्तमानपत्रात लिहीत होत्या.

त्यांची नॅन्सी सोळा वर्षांची आहे. फटकळ आहे, निळी गाडी सुसाट हाकते, मोठ्या माणसांना तोंडावर सुनावते आणि कुणाची परवानगी मागत बसत नाही. १९५९नंतरची नॅन्सी अठराची, जास्त गोड आणि जास्त शहाणी. लहानपणी मला तीच माहीत होती आणि आवडायचीही. मूळ पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मात्र वाटलं, ही पोरगी इतकी वर्षं आपल्यापासून लपवून का ठेवली होती? म्हणून मी मूळ मजकुराच्या प्रती जमवतो. पहिली छपाई आहे की बारावी, याने मला फरक पडत नाही.

मास्तरीणबाई

ओहायोवाले, माहिती फार छान. पण मूळ पुस्तकं बदलली ती उगाच नाही, हेही सांगायला हवं. मी इंग्रजी शिकवते आणि ओल्ड क्लॉकचे दोन्ही मजकूर वाचलेत. मूळात तळ्याकाठच्या बंगल्याचा कृष्णवर्णीय राखणदार आहे. तो दारुडा दाखवलाय, त्याचं बोलणं मुद्दाम वेडंवाकडं छापलंय, आणि नॅन्सी त्याच्याशी ज्या सुरात बोलते ते वाचून मला वाईट वाटलं. अशा चित्रणावर पालकांच्या तक्रारी येत होत्या. प्रकाशकांनी बदलाचा आग्रह धरला त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

कोथरूडकरीण, भाचीला आधी २० प्रकरणांची पुस्तकं एकटीला वाचू द्या. मूळ पुस्तक तुम्ही दोघींनी शेजारी बसून वाचा. हत्ती सांभाळणारा हिंदुस्थानी मुलगा, त्याला छळणारा सर्कशीतला माणूस, शेवटी मुलगा राजघराण्यातला निघणं... १९३६ साली अमेरिकेतल्या मुलांना आपला देश कसा दाखवला जात होता, हे अकरा वर्षांच्या मुलीला नीट कळतं. माझ्या वर्गातली मुलं यावर तावातावाने बोलतात.

ओहायोवाला

बाई, शंभर टक्के मान्य. राखणदाराचं ते प्रकरण मलाही वाचवत नाही. पण तेवढं काढताना नॅन्सीचा तिखटपणाही काढून टाकला याची हळहळ वाटते. दोन्ही मजकूर घरात असावेत या मताचा मी आहे.

रद्दीप्रेमी

एक पुरवणी. मुंबईच्या फुटपाथवर आणि जुन्या लायब्ररींत मिळतात त्यांत आर्मडा या ब्रिटिश प्रकाशनाची पेपरबॅकं बरीच असतात. त्यांचे क्रमांक अमेरिकी क्रमांकांशी जुळत नाहीत. संच जमवताना क्रमांक सोडा, नावावर जा, नाहीतर एकच पुस्तक दोनदा घ्याल.

आणि ताई, पावसाळ्याआधी त्या निळ्या प्रतीकडे बघा. कापडी पुठ्ठ्याची खळ कसरीला फार आवडते. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच नको, आत दमट होतं. पाठ उसवली असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. बाइंडरकडे द्या, कापड तेच ठेवून आतून सांधायला सांगा.

कोथरूडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार! आताच पुस्तक घेऊन बसले होते. प्रकरणं २५. सुरुवातीला एकच चित्र, आतल्या पानांसारख्याच कागदावर. यादीतलं शेवटचं नाव ‘द क्ल्यू ऑफ द लीनिंग चिमनी’. कसरीची खूण नाही, पाठ मात्र वरच्या टोकाला सुटलीय.

विक्रेत्याला यादीच्या पानाचा फोटो मागितला. आधी टाळाटाळ केली, मग पाठवला. त्यातही शेवटचं नाव लीनिंग चिमनीच. म्हणजे दोन्ही एकाच काळातली?

ओहायोवाला

हो. लीनिंग चिमनी हे २६वं पुस्तक, १९४९चं. पुढचं ‘द सीक्रेट ऑफ द वुडन लेडी’ १९५०ला आलं. तुमची प्रत १९४९-५०च्या सुमाराची, त्याचीही तीच. साडेचार हजार अजिबात देऊ नका. या काळातल्या बिनजॅकेटच्या प्रती इकडे लायब्ररीच्या विक्रीत नेहमी दिसतात, ओल्ड क्लॉक तर सगळ्यात जास्त. ते पुस्तक खपलंच तितकं.

ओल्ड क्लॉकचा मूळ मजकूरच वाचायचा असेल तर ॲपलवुड बुक्सने १९९१पासून जुन्या आवृत्त्या जशाच्या तशा पुन्हा छापल्या. विकत घेताना ॲपलवुडचं नाव आहे ना, तेवढं बघा. आणि १९७४चं ऋषीवालं आयव्हरी चार्म लायब्ररीतून आणून कोयाच्या शेजारी ठेवा. भाचीला काय काय फरक सापडतात ते इथे जरूर लिहा.