लाल निशाण पक्ष १९८८ मध्ये का फुटला?

पर्वतीकर: माझी आई महापालिकेत झाडणकाम करायची. तिच्या तोंडी कायम ‘आपला लाल निशाण’. आता वाचतेय तर लाल निशाण पक्ष आणि लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) असे दोन निघाले. सोव्हिएत संघाचा तेव्हाचा नेता गोर्बाचेव्ह याने मॉस्कोत काय केलं, यावरून इथल्या कामगारांच्या पक्षाने का फुटावं? जाणकारांनी सांगावं.

भोसरीचा टर्नर: ताई, मॉस्को लांब नव्हतं हो. तेव्हा मी भोसरीत टर्नर होतो, पहिली पाळी सुटली की अभ्यासवर्गाला बसायचो. गोर्बाचेव्हचं ग्लासनोस्त (खुलेपणा), पेरेस्त्रोइका (अर्थव्यवस्थेची फेररचना) यावर रात्र-रात्र वाद चालायचे. सातवी शिकलेल्या एका हेल्परने विचारलं, “तिकडचे कारखाने आता आपापल्या नफ्यातोट्यावर चालणार म्हणता, मग तोट्यातल्या कारखान्यातली माणसं कुठं जाणार?” सगळे गप्प झाले. कारण इथे तेच चाललं होतं. राजीव गांधी सरकारच्या १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने न परवडणाऱ्या गिरण्या बंद करायला वाट करून दिली होती, आणि गिरणी संपात होरपळलेली माणसं अजून सावरली नव्हती. अशा वेळी पक्षाचं नेतृत्व गोर्बाचेव्हच्या आणि राजीव गांधींच्याही बाजूने बोलू लागलं. माझ्या मते फूट पडली ती या दुसऱ्या गोष्टीने. पक्षातले नेते अशोक मनोहर आणि सोबतचे लोक बाहेर पडून लेनिनवादी पक्ष झाला, ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणतो.

डेक्कनचा वाचक: पक्षाचा जन्मच फुटीतून झालाय. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवून चले जावला विरोध केला, तेव्हा वेगळे झालेले कार्यकर्ते ‘नवजीवन संघटना’ म्हणून उभे राहिले. पुढे काही काळ शेतकरी कामगार पक्षात होते. लाल निशाण पक्ष हे नाव १९६५ चं.

पर्वतीकर: मग आईची युनियन कुठल्या बाजूला गेली?

भोसरीचा टर्नर: पुण्यात सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं झटलेल्या मुक्ता मनोहर लेनिनवादी बाजूच्या. आईंना नाव सांगा, लगेच ओळखतील. अशोक मनोहर २००३ मध्ये गेले. मूळ पक्ष २०१७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षात (भाकप) विलीन झाला, आमचा २०२४ मध्ये भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशन या वेगळ्या पक्षात. कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा ही मागणी मात्र अजून तशीच आहे. आईंचा अनुभव इथे लिहाल का?