हरणाचं कातडं काढायला आणि मटण करायला सुऱ्या कोणत्या घेऊ? (विस्कॉन्सिन, पहिलाच सीझन)

मॅडिसनकर:
नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच डिअर सीझनला, म्हणजे हरणांच्या शिकारीला जातोय. ऑफिसातल्या एका मित्राच्या घरच्यांची रिचलँड काउंटीत जमीन आहे, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी जो नऊ दिवसांचा गन सीझन चालू होतो त्यात त्यांच्याबरोबर असेन. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स काढलं, रायफल मित्र देतोय. अडलंय ते सुऱ्यांवर. त्यांच्याकडे प्रोसेसरला, म्हणजे पैसे घेऊन मटण करून देणाऱ्याला द्यायची पद्धत नाही, आतडी काढण्यापासून फ्रीझरमध्ये पाकिटं जाईपर्यंत सगळं घरीच करतात, आणि मलाही तसंच करायचंय कारण जनावर आपण मारणार तर त्याचं मटण नीट वाया न घालवता करणं हेही आपल्यावरच आहे असं मला मनापासून वाटतं.

दुकानात जाऊन आलो. एक प्लॅस्टिकच्या पेटीतला सेट आहे, त्यात गट हुकवाली (पाठीवर पोट फाडायचा आकडा असलेली) सुरी, कातड्यासाठी स्किनर, हाडापासून मांस सोडवायची बोनिंगची, करवत, छोटा सत्तूर, बरगड्या फाकवायचा दांडा असं सगळंच आहे. दुसरी ती बदलायच्या ब्लेडची, सर्जनच्या हत्यारासारखी. तिसरी एस३०व्ही स्टीलची एकच सुरी पण ती पेटीच्या तिप्पट किमतीला. घरी मटणासाठी आणलेला जड सत्तूर आहेच, तो चालेल का? मला रस्सा हाडासकटच आवडतो, नळी तर पाहिजेच. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

ओशकोश_काका:
अभिनंदन आणि आधी एक गोष्ट स्पष्ट, सत्तूर घरीच ठेवा. रिचलँड काउंटी म्हणजे नैर्ऋत्य विस्कॉन्सिन, तिथे सीडब्ल्यूडी म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग बराच पसरलाय. आपल्या राज्यात तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनमुळे होतो, आणि हे प्रोटीन शिजवून मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी सीडीसीचं, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं सरळ आहे की पॉझिटिव्ह निघालेल्या हरणाचं मटण खाऊ नका. हे प्रोटीन जास्त करून मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे, टॉन्सिल, प्लीहा आणि लिम्फच्या गाठी यांत असतं, म्हणून आपल्याकडे खाटीक जसा ठोकळ्यावर मणक्यासकट तुकडे पाडतो तसं इथे करायचं नाही, हाडावर घाव नको, करवत नको, सगळं मटण हाडापासून सोडवून घ्यायचं. नळीचं म्हणाल तर यंदा विसरा.

आता त्यातूनच सुऱ्यांचं उत्तर येतं. हाड तोडायचंच नाही म्हटल्यावर वजनदार काहीच लागत नाही. हरीण पूर्ण सांध्यांवर आणि स्नायूंच्या पडद्यांवर सुटतं. पुढचा पाय तर छातीला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसता मांसावर असतो, पाय बाहेर ओढून धरला आणि खालून सुरी फिरवली की फरा हातात. मागच्या पायाला खुब्यात गोळा आहे, तो सापडला की टोक आत घालून आतलं बंधन कापायचं. ढोपराखालचा भागसुद्धा सांध्यात सुरी घातली की सुटतो. त्यामुळे मी दोनच सुऱ्या सांगतो.

पहिली रानात न्यायची, फिक्स्ड ब्लेड म्हणजे घडी न होणारी, पातं साडेतीन ते चार इंच, ड्रॉप पॉइंट, म्हणजे पात्याची पाठ टोकाकडे हळूहळू उतरते आणि टोक मधोमध येतं, पोट उघडताना ते आतड्यात घुसायची भीती कमी. मोठी सुरी पाहिजे असं नवीन माणसाला वाटतं पण छातीच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका कापायची असते, तिथे काहीच दिसत नाही, लांब पातं असलं की स्वतःचाच दुसरा हात कापून घ्याल. फोल्डिंग नको. बक ११० सुरेख सुरी आहे, १९६४ पासून लोक वापरताहेत, पण घडीच्या खाचेत रक्त आणि चरबी जाते आणि इथे सुरी नीट निर्जंतुक करता येणं फार महत्त्वाचं आहे. मूठ लाकडी किंवा शिंगाची नको, रबरासारखी खरखरीत घ्या, हात चरबीनं बरबटलेले असतात. मोरा कंपॅनियन स्टेनलेसमध्ये घेतलीत तरी भागेल, स्वीडनची आहे, पातं चार इंचांच्या आसपास, स्वस्त आणि मस्त. तिचं टोक जरा अणकुचीदार आहे एवढं लक्षात ठेवा.

दुसरी घरी टेबलावरची, सहा इंची बोनिंग नाइफ, बाकदार आणि किंचित लवचिक. व्हिक्टोरिनॉक्सची फायब्रॉक्स मुठीची बघा, इथल्या कत्तलखान्यांत आणि मटणाच्या दुकानांत तीच दिसते. पेटीतल्या सेटवर पैसे घालू नका. त्यातलं स्टील साधारण असतं आणि निम्म्या वस्तू पेटीतून बाहेरच येत नाहीत.

मिशिगन_मावळा:
काकांशी बरंचसं सहमत पण बदलायच्या ब्लेडची सुरी त्यांनी विचारातच घेतली नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे १५ नोव्हेंबरला फायरआर्म सीझन उघडतो, थंडी मरणाची, बोटं बधिर, अशा वेळी रानात बसून दगडावर धार लावत बसणं होत नाही. हॅव्हलॉन पिरांटा या बदलायच्या ब्लेडच्या सुरीचं पातं खरोखर वस्तऱ्यासारखं चालतं, बोथट झालं की काढा नवीन लावा, कातडं उतरवायला यासारखं दुसरं काही नाही.

पण दोन गोष्टी नक्की पाळा. एक, या ब्लेडनं सांध्यात टोक घालून कधीच पिळायचं नाही. बाजूनं जोर आला की पातळ पातं तडकतं, आणि तुटलेला तुकडा मटणात राहिला तर घरच्या कुणाच्या तरी तोंडात जाईल, म्हणून ब्लेड बदलताना जुनं अखंड आहे का ते डोळ्यांनी बघायचं. दोन, ब्लेड काढताना बोटांनी नाही, छोट्या पकडीनं काढायचं, आणि वापरलेली ब्लेडं झाकणाच्या डबीत टाकायची. आउटडोअर एजची रेझरलाइट त्या मानानं दणकट आहे कारण ब्लेडला मागून पट्टीचा आधार आहे. माझा सल्ला, कातड्यासाठी बदलायच्या ब्लेडची ठेवा आणि सांध्यांसाठी काका म्हणतात तशी फिक्स्ड.

गट हुकबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. त्या खाचेत केस आणि चरबी अडकते, एकदा बोथट झाला की साध्या दगडानं धार लागत नाही, गोल रॉड लागतो. शिवाय तो पात्याच्या पाठीवर असल्यामुळे छातीत हात घातल्यावर वरच्या बाजूनंही फाडत जातो. दोन बोटं पोटाच्या आत घालून कातडं उचलायचं, त्या बोटांच्या मधून धार वर करून सुरी न्यायची, झालं काम.

टेक्सासची_ताई:
माझ्या माहेरी मटणाचं दुकान आहे, लहानपणापासून बकरं सोलताना बघितलंय आणि इथे सॅन अँटोनिओजवळ नवरा हरीण आणतो ते मीच करते, म्हणून थोडं लिहिते.

भाऊ, सुरी कोणती यापेक्षा ती कुठून कुठे चालवता ते बघा. हरणाचे हिवाळ्यातले केस पोकळ आणि राठ असतात, त्यात माती धूळ, वरून कापत गेलात की कितीही महाग स्टील असू द्या धार गेलीच समजा, आणि केस मटणाला चिकटतात ते वेगळंच. पहिलं भोक पाडलं की पातं कातड्याच्या आत घाला आणि आतून बाहेर कापा. पायावरची चीर, पोटावरची चीर, मानेभोवतीची, सगळ्या तशाच. आणि कातडं सुरीनं काढायचं नसतं हो, ते हातानं ओढून काढायचं असतं. जनावर टांगा, कडा मोकळ्या करा, मग एका हातानं कातडं खाली ओढायचं आणि दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांसाच्या मधे रेटत जायची. जिथे पांढरा पडदा धरून ठेवतो तिथेच सुरीचा बाक हलके लावायचा, तोही कातड्याकडे वळवून, मांसाकडे नाही. अंगात ऊब आहे तोवर भराभर सुटतं, गार पडलं की दुप्पट मेहनत. आमच्याकडे नोव्हेंबरातही दुपारी ऊन असतं त्यामुळे आम्ही लगेच सोलतो आणि बर्फावर टाकतो, मटण ४ डिग्री सेल्सियसच्या खाली लवकर गेलं पाहिजे. तुमच्याकडे थंडी असेल पण पडवीत राहील म्हणून निश्चिंत राहू नका, थर्मामीटर बघा.

धारेबद्दल. एस३०व्ही वाईट नाही, त्यात व्हॅनेडियमचे कठीण कण असतात म्हणून धार खूप टिकते, पण गेली की साध्या दगडाला दाद देत नाही, डायमंडची पट्टी पाहिजे आणि हातही बसलेला पाहिजे. नवीन माणसानं मऊ स्टीलची सुरी घ्यावी आणि जवळ धार लावायचा एक सिरॅमिक रॉड ठेवावा. दर थोड्या वेळानं दोन्ही बाजूंनी पाच-सहा हलके हात मारले की पुन्हा तशीच चालते. आमच्या दुकानात वडील तेच करायचे, धार जाईपर्यंत थांबायचेच नाहीत. सुरीला जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबून रॉडवर फिरवा. जास्तीत जास्त बोटं कापतात ती बोथट सुरीला जोर लावताना.

आणि ज्या हातात सुरी नाही त्या हातात जाळीचा कट रेझिस्टंट (सुरीनं सहज न कापणारा) हातमोजा घाला, त्यावर नायट्राइलचा पातळ रबरी. हे पैसे सुरीच्या आधी खर्च करा.

ओशकोश_काका:
ताईंचं आतून बाहेर कापायचं अगदी बरोबर. आणि मावळे, तुमची ब्लेडची सुरी मी नाकारत नाही, सीडब्ल्यूडीच्या भागात तिचा एक फायदाच आहे, वापरलेलं ब्लेड सरळ टाकून देता येतं.

मॅडिसनकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. सत्तूर आणि सेट दोन्ही रद्द. मोरा स्टेनलेस, सहा इंची बोनिंग, सिरॅमिक रॉड आणि हातमोजा घेतो. अजून दोन प्रश्न. काम झाल्यावर सुऱ्या धुवायच्या कशा, डिशवॉशर चालेल का? आणि सगळं हाडाशिवाय करायचं तर रस्स्याला कुठला भाग ठेवू?

ओशकोश_काका:
डिशवॉशर नको, धार आणि मूठ दोन्ही खराब होतात. आधी साबण आणि ब्रशनं मांसाचा, चरबीचा कणन् कण काढा, कारण ब्लीच मांसाच्या तुकड्याच्या आत शिरत नाही. मग घरातल्या साध्या ब्लीचचं ४० टक्के मिश्रण करून, म्हणजे दोन भाग ब्लीच तीन भाग पाणी, त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हेच तपासून दाखवलं की स्टीलवरचे सीडब्ल्यूडीचे प्रायॉन त्यानं निकामी होतात. नंतर भरपूर पाण्यानं धुवा, लगेच पुसा, कारण ब्लीचमध्ये जास्त राहिलं तर स्टेनलेसवरही खड्डे पडतात. शेवटी तेलाचा हात. डोकं वेगळं करायला एखादी जुनी सुरी वेगळीच ठेवा, ती मटणाला लावायची नाही. डोकं मानेच्या साधारण पाच इंच भागासकट डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या नमुने गोळा करायच्या किऑस्कवर ठेवा, तपासणी फुकट असते, आणि रिझल्ट येईपर्यंत त्या हरणाची पाकिटं फ्रीझरमध्ये वेगळी नाव घालून ठेवा. मित्राच्या घरच्यांची दोन-तीन हरणं एकाच दिवशी पडली तर एक संपवून, टेबल सुऱ्या धुऊन मगच दुसरं घ्या, मटण एकत्र करू नका.

टेक्सासची_ताई:
रस्स्याला पुढच्या फऱ्याचं आणि मानेवरचं सोडवलेलं मांस ठेवा, त्यात शिरा असतात, सावकाश शिजवलं की रस्सा दाट होतो, हाड नसल्याचं फार जाणवत नाही. मागच्या मांडीचे स्नायू पडद्यापडद्यानं वेगळे करा आणि आडवे कापून तुकडे करा. पाठीच्या दोन लांब पट्ट्या म्हणजे बॅकस्ट्रॅप, त्यांचं कालवण करू नका, तव्यावर कमी वेळ भाजा. त्यावरचा चंदेरी पापुद्रा काढायला तुमची बोनिंगची सुरीच कामाला येईल, एका टोकाला पापुद्र्याखाली घाला, पातं किंचित वर झुकवा, दुसऱ्या हातानं पापुद्रा घट्ट धरून सुरी पुढे सरकवा. आणि चरबी बकऱ्यासारखी ठेवू नका, पांढरी दिसेल तेवढी काढा, थोडी गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते आणि उग्र लागते. खिम्याला चरबी कमी पडली तर डुकराची वेगळी घाला, आमच्याकडे पाचाला एक असं प्रमाण असतं.