मदत हवी आहे : बहिणीसाठी बोलणारं मराठी ॲप सुचवा (जरा घाई आहे)

चिवचिव
बहीण २० वर्षांची. बोलते, पण घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. १ तारखेपासून कराडला टॅलीचा क्लास आहे आणि एसटीने एकटीच जाणार म्हणते. तिच्या वतीने बोलून दाखवेल असं ॲप सांगा. फुकट असेल तर उत्तम. 'डॉक्टरांना विचारा' नको, ते झालंय.

अनुस्वार
जेलो घ्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे त्यांच्या डिझाइन विभागात, तयार झालंय, मराठी आहे, पैसे पडत नाहीत. चित्रावर बोट ठेवलं की वाक्य ऐकू येतं.

मिरजमळा
अहो, थांबा. तिला ऐकू येतं का? वाचता येतं का? बोट नेमकं जागेवर पडतं का? पायाचं माप न घेता चप्पल काय सुचवताय?

चिवचिव
ऐकू येतं. बारावी झालीये, वाचता येणारच ना! सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात थरथरतो, डावा बरा चालतो.

शेवग्याची शेंग
वेखंड उगाळून मधातून जिभेला लावा. शिवाय रोज फुगे फुगवायचे, शिट्टी वाजवायची. जीभ सैल होते.

आडवाटेने
शेंगताई, जीभ जड नाहीये. स्नायूंना मेंदूकडून मिळणारा हुकूम गडबडतो, त्यावर वेखंड काय करणार? फुगे फुगवून फुगेच फुगवता येतात, बोलणं त्याने स्पष्ट होत नाही. बोलायचा सराव बोलूनच होतो, छोट्या वाक्यांत, दर दोन-तीन शब्दांनी श्वास घेऊन.

मिरजमळा
बारावी झालेल्या मुलीच्या हाती चित्रं देऊ नका. टाइप केलेलं वाचून दाखवणारं कुठलंही साधं ॲप चालेल. अँड्रॉइडमध्ये गूगलचा मराठी आवाज असतो. तो घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, नाहीतर रेंज गेली की फोन गप्प. नेहमीची १५-२० वाक्यं साठवून ठेवायची.

आडवाटेने
ॲप असू द्या, पण स्टँडच्या गोंगाटात फोनचा आवाज दोन फुटांवर ऐकू येत नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि थरथरत्या हाताने टाइप होईपर्यंत कंडक्टर पुढच्या सीटवर गेलेला असतो. ती बोलते ना? मग तिच्याच बोलण्याला टेकू द्या. अक्षरपाटी करा.

ए४ पुठ्ठा आडवा धरून ३ सेंमीचे चौकोन आखले की ९ गुणिले ७, म्हणजे ६३ बसतात. स्वर-व्यंजनं मिळून पन्नासच्या आत. उरलेल्यांत हो, नाही, 'चुकलं, पुन्हा सांगते', 'विषय बदलला' आणि ० ते ९ आकडे. मात्रा अजिबात नकोत, त्यात वेळ जातो. ती शब्द बोलेल आणि त्याच वेळी त्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवेल. 'मला' म्हणताना म, 'कराडचं' म्हणताना क. ऐकणाऱ्याने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा, चुकला तर ती तिथेच अडवते. अक्षर कळल्याने अंदाज बांधता येतोच, शिवाय बोट हलायला वेळ लागतो म्हणून शब्दांमध्ये आपोआप फट पडते. खरा फायदा त्या फटीचा.

दोन चुका हमखास होतात. चकचकीत लॅमिनेशन केलं की उन्हात काही दिसत नाही, मॅट करा. आणि सारखी लागणारी अक्षरं उजवीकडे गेली की डावा हात आडवा जाऊन पाटीच झाकतो.

मुक्काम पोस्ट
पालकत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज. १८ नंतर बँकेत अडवतात.

मिरजमळा
बारावी पास, टॅली शिकणाऱ्या मुलीला पालक नेमायचा? तिची सही ती करेल. सही दर वेळी वेगळी येत असेल तर बँकेत अंगठा चालतो. त्याच कायद्यातली निरामय विमा योजना मात्र घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि सेरेब्रल पाल्सी त्यात बसते.

अनुस्वार
एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. शिवशाहीलाही आहे का हो?

मुक्काम पोस्ट
आहे. मार्च २०२३ पासून महामंडळाच्या सगळ्या गाड्यांना.

आडवाटेने
विषयावर या. चिवचिव, बसमध्ये पाटी काढायला वेळ नसतो. गळ्यात ओळखपत्राएवढं कार्ड हवं. पुढच्या बाजूला : 'मला ऐकू येतं, सगळं समजतं. बोलणं अस्पष्ट आहे. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा.' मागे : 'कराड, एक तिकीट.'

आणि पाटीच्या मागच्या बाजूला पूर्ण शब्द लिहा : नको, थांबा, हात काढा, मला उतरायचंय, घरी फोन लावा. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, पाळी, पॅड. तयार ॲपमध्ये हे बहुधा नसतं आणि घरचे लाजेपोटी घालत नाहीत. मग काही झालं तर सांगायचं कशाने? लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीची वेळ आलीच तर पोलिसांनी विशेष शिक्षक किंवा दुभाष्यासमोर जबाब घेऊन त्याचं चित्रण करायचं असतं, हेही तिला माहीत हवं.

मिरजमळा
पॉवर बटण तीनदा दाबलं की बऱ्याच फोनवरून ११२ लागतो, पण पलीकडचा माणूस 'बोला' म्हणणार. त्याच फोनवर रेकॉर्ड केलेलं वाक्य कॉलमध्ये वाजवायला जाल तर ते बहुतेक फोनमध्ये पलीकडे पोचत नाही. म्हणून घरच्या दोघांना जागेसकट मेसेज जाईल अशी सोय त्याच बटणावर लावा आणि दोनदा पाठवून बघा. चाचणी करताना ११२ लावू नका.

चिवचिव
१ तारखेला आठ दिवस उरलेत. एवढं बसेल?

आडवाटेने
बसेल. पहिले दोन दिवस शेजारच्या सीटवर बसा, पुढचे दोन दिवस शेवटच्या सीटवर, नंतर मागच्या गाडीने या. कंडक्टरने तुमच्याकडे बघितलं तरी तुम्ही खिडकीबाहेर बघायचं. ती अडली तर मनात दहा मोजायचे, आधी तोंड उघडायचं नाही. जड हेच जातं. पाटीवर काय हवं हे तिला विचारलंत का?

चिवचिव
आत्ता विचारलं. कार्डाचा मजकूर तिला बुळचट वाटतोय. 'हिला नको, मला विचारा' एवढंच लिही म्हणते.

आडवाटेने
ते पहिल्या ओळीत घ्या, बाकीचं खाली. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको, कंडक्टर उभ्याने वाचतो.

शेवग्याची शेंग
बरं, वेखंड राहू द्या, त्याने अपायही होऊ शकतो.