“रिपोर्ट तर नॉर्मल आहेत!” : दुखणं सांगायला गेलो तेव्हाचे अनुभव

मला फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार) आहे, ९ वर्षं झाली. गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांकडे गेले होते. रात्री कूस बदलली तरी खांद्यापासून कमरेपर्यंत ठणका लागतो, झोप मोडते, एवढंच सांगत होते. त्यांनी फाइल चाळता चाळता विचारलं, “म्हणजे तुम्हाला नेमकी कुठली गोळी हवी आहे?” मी गोळी मागितलीच नव्हती. त्या प्रश्नानंतर माझी वाचाच बसली. जे बोलायचं होतं ते जिना उतरताना सुचलं आणि आठवडाभर मनात घोळत राहिलं.

वर्षानुवर्षं दुखणं काढणाऱ्या बहुतेकांकडे असं एखादं वाक्य साठलेलं असतं. म्हणून हा धागा. तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागलं, मग तुम्ही काय केलंत, कशाचा उपयोग झाला, ते लिहा. डॉक्टरांची, रुग्णालयांची नावं नकोत. अमुक औषध घे, तमुक सोड असे सल्लेही नकोत.

*

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मी न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडलेली असायचे. गार फरशी तेवढी बरी वाटायची. पंधराव्या वर्षापासून हे चालू होतं. ‘बायकांना एवढं असतंच’, ‘तुझी सहनशक्तीच कमी’, ‘मूल झालं की थांबेल’ ही तीन वाक्यं मी तीन डॉक्टरांकडून ऐकली, आणि त्यातल्या दोघी बायका होत्या. ते जास्त लागलं. सोनोग्राफी स्वच्छ, म्हणून दुखणं खोटं, असा सगळा हिशेब. एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, बारीक ठिपके सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाहीत, हे कुणी सांगितलं नाही. २६व्या वर्षी लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झाली तेव्हा अंडाशय आतड्याला चिकटलेलं सापडलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो. म्हणजे माझ्या वर्गातही दोन-तीन जणी असणार. त्याही माझ्यासारख्याच गप्प बसल्या असतील, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

*

सिकलसेल. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. हाड आतून कुणी पिळतंय असं दुखतं. लहानपणापासूनचं असल्यामुळे मला कुठलं इंजेक्शन लागू पडतं, किती मात्रेत, ते पाठ आहे. आणि तिथेच घोडं अडतं. औषधाचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिनची मात्रा अचूक सांगितली तर तो जागरूक रुग्ण ठरतो, मी सांगितली की संशयित.

एकदा तातडीच्या विभागात मी कानात हेडफोन घालून मोबाईल बघत होतो. ‘दुखणं दहापैकी नऊ म्हणतोस आणि मोबाईल कसला बघतोस?’ आरडाओरडा करून माझं दुखणं कमी होत नाही, लक्ष दुसरीकडे लावलं तर थोडं निभतं, हे मी २५ वर्षांत शिकलोय. त्या रात्री पहिलं इंजेक्शन मिळायला साडेचार तास लागले. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटोलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की रुग्ण पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळालं पाहिजे.

आता माझ्या रक्तविकारतज्ज्ञांनी सही-शिक्क्याचं पत्र दिलंय. निदान, औषध, मात्रा, त्यांचा फोन, सगळं एका पानावर. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून कायम पाठपिशवीत ठेवतो. मी तोंड उघडण्याआधी पत्र पुढे करतो.

*

वरच्या मोबाईलवरून आठवलं. केस नीट विंचरून, लिपस्टिक लावून गेले तर ‘तुम्ही आजारी वाटत नाही’. पुढच्या वेळी होते तशी उठून गेले तर ‘उदास दिसताय, समुपदेशन घ्या’. संधिवात दोन्ही वेळी तोच होता.

*

माझी कंबर मला पहाटे चारला उठवायची. लाकूड झालेली असायची. तासभर चाललं की मोकळी. वय २४, एक्स-रे नॉर्मल, त्यामुळे ‘खुर्ची बदला, व्यायाम करा, या वयात कसली कंबरदुखी’. व्यायामाचं चुकीचं नव्हतं, पण हात लावून तपासत कुणी नव्हतं. सहा वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टने विचारलं, ‘पडून राहिल्यावर बरं वाटतं की वाढतं?’ वाढतं म्हटल्यावर ती लिहिता लिहिता थांबली. तिच्याच आग्रहाने एमआरआय झाला, कमरेखालच्या सांध्यांना सूज निघाली. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा एक संधिवात. एक्स-रेवर हे बदल उमटायला कित्येक वर्षं जातात. तो एक प्रश्न सहा वर्षांत कुणालाही विचारता आला असता.

*

वय ६८. नागीण बरी झाली, पण बरगडीवरची आग मागे राहिली. अंगावरचं कापड घासलं तरी निखारा टेकवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, सांगितलं काहीच नाही. नातवाने शोधून सांगितलं, आजी, ही नैराश्याची गोळी आहे. म्हणजे मी मनाने दुखणं काढतेय असं त्यांना वाटलं तर! इतका अपमान वाटला की तीन महिने गोळ्या कपाटात पडून होत्या.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर मणका काढला. मेंदूकडून खाली येणारे काही संदेश दुखणं दाबतात, ही गोळी त्यांना जोर देते, आणि तीही नैराश्याला लागते त्याहून पुष्कळ कमी मात्रेत, असं समजावलं. अमिट्रिप्टिलीन तिचं नाव. तो कागद मी जपून ठेवलाय. आग अजून आहे, पण पातळ चादर अंगावर घेता येते. पहिल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी योग्यच होती, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी दोन मिनिटं दिली असती तर माझे ते तीन महिने वाचले असते.

*

मणक्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर मी सात वर्षं मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्यांवर होतो. मात्रा कधी वाढवली नाही, हरवल्या म्हणून जादा मागितल्या नाहीत. माझे डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘या आजपासून बंद.’ तिसऱ्या दिवशी घामाने गादी भिजली. हुडहुडी, जुलाब, पाय एका जागी ठेवता येईनात. परत गेलो तर म्हणाले, ‘बघा, व्यसनच आहे हे.’

शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तरी शरीर उसळी मारतं, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसनात नुकसान दिसत असूनही माणूस औषधामागे धावत राहतो. मी त्या गोळ्या घेऊन कामावर जात होतो, मुलीचा अभ्यास घेत होतो. अमेरिकेत अशा गोळ्यांबाबत २०१६ ची नियमावली आल्यानंतर रुग्णांच्या गोळ्या अशा एकाएकी तोडल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला आणि २०२२ मध्ये नियमावलीही सुधारली गेली. आता एका वेदनातज्ज्ञांकडे थोडी थोडी मात्रा उतरवतोय. कमी करायला माझी ना कधीच नव्हती.

*

मी डॉक्टर आहे. तातडीच्या विभागात १२ वर्षं काढली. वरचं सगळं वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते.

वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाची नाडी, रक्तदाब नॉर्मल असू शकतो, चेहराही शांत असू शकतो, हे आम्हाला कुणी नीट शिकवलं नाही. आम्ही शिकलो ते ताज्या जखमेचं दुखणं. एका रात्रपाळीत पाठ धरून आलेल्या माणसाच्या केसपेपरवर मी लिहिलं, ‘इंजेक्शनसाठी वारंवार येतो.’ तीन शब्द. पुढच्या दोन खेपांना माझ्या सहकाऱ्यांनी ते वाचलं आणि पाठ तपासलीच नाही. मग ताप चढला तेव्हा एमआरआय झाला. मणक्यात जंतुसंसर्ग होता.

व्यसनाची भीती खोटी नाही, जादा मात्रेने गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण संशय आला तरी तपासायचं असतं. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन या संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्येच आहे की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा.

उपयोग कशाचा होतो, असं विचारलंय. दहापैकी किती यापेक्षा काय अडतंय ते सांगा. शर्टाचं बटण लावता येत नाही, एक जिना चढताना दोनदा बसावं लागतं, असं. शक्य असेल तर सोबत कुणाला आणा. दुसरं कुणी ऐकतंय म्हटलं की आमची भाषा बदलते. लिहायला लाज वाटते, पण बदलते.

*

सिकलसेलवाला पुन्हा. डॉक्टर, ते तीन शब्द नंतर खोडलेत का?

*

केसपेपरवरचं खोडता येत नाही. खाली तारीख घालून लिहिलं: ‘वरील नोंद मी रुग्णाला पूर्ण न तपासता केली होती. मणक्याचा जंतुसंसर्ग निष्पन्न. दुखण्याची तक्रार पहिल्या दिवसापासून खरी होती.’ सही केली. मग वॉर्डात जाऊन त्यांची माफी मागितली आणि कागद वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, “याची एक प्रत मिळेल का?”