रोजची कॉफी बाहेरची की घरची? मशीनचे पैसे खरंच वसूल होतात का?

धुकंपहाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारतेय. मी आणि नवरा दोघंही पक्के कॉफीवाले. सकाळी ऑफिसला निघताना वाटेत दोघांची एकेक कॅपुचिनो ठरलेली, आणि मला दुपारी जेवणानंतर अजून एक लागते, ती ऑफिसच्या खाली टीमबरोबर. महिन्याचं कार्डाचं बिल आलं की त्यात कॉफीच्याच ओळी दिसतात आणि बेरीज केली की धस्स होतं. म्हणून घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचा विचार आहे, ग्राइंडरसकट.

पण कुठेही वाचा, लोक कपामागे फक्त बियांचा खर्च धरतात आणि सांगतात बघा किती पैसे वाचतात. दूध धरत नाहीत, मशीन धरत नाहीत, बिघडलं तर दुरुस्ती धरत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होणार. ज्यांनी हे खरोखर करून बघितलंय त्यांनी प्लीज सगळं धरून सांगा, घरी स्वस्त पडतं का, आणि पडत असेल तर किती दिवसांनी?

आकडेमोड

ताई, पैशात नका मोजू, कपात मोजा. प्रत्येकाच्या गावातले भाव वेगळे त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. बाहेरची एक कॅपुचिनो म्हणजे १ धरा आणि बाकी सगळं त्याच मापात बसवा.

आधी घरचा कप काढा. डबल शॉटला, म्हणजे एका कपात दुप्पट मापाची एस्प्रेसो, साधारण १८ ग्रॅम कॉफी लागते म्हणजे एक किलोत ५५ कप. कॅपुचिनोला दीडशे मिली दूध धरलं तर एक लिटरात सहा कप. म्हणजे किलोच्या भावाला ५५ ने भागा, दुधाच्या भावाला ६ ने भागा, दोन्हीची बेरीज करा, झाला तुमचा घरचा कप. विजेचं फार टेन्शन घेऊ नका, एक मग पाणी उकळीच्या जवळ न्यायला इतकी कमी वीज लागते की किटलीत एका युनिटमध्ये तीस-पस्तीस मग तरी आरामात होतात. मशीन तापवत ठेवलं तर जास्त जाते, पण तरी बियांपुढे आणि दुधापुढे ते किरकोळच.

आता समजा घरचा कप बाहेरच्याच्या पाव किमतीत पडला. मग दर कपामागे पाऊण कप वाचला. आणि समजा मशीन, ग्राइंडर, दुधाचा जग असं सगळं मिळून ३०० कपांच्या किमतीचं आहे. ३०० भागिले पाऊण म्हणजे ४०० कप केल्यावर पैसे वसूल. तुमचे सकाळचे दोघांचे दोन कप खरंच घरी झाले तर साडेसहा महिने. पण फक्त शनिवार-रविवारीच सवड मिळते असं असेल तर तेच ४०० कप व्हायला जवळजवळ दोन वर्षं जातात.

आणि इथेच बहुतेकांची गफलत होते म्हणून जरा ठासून सांगतो. घरी केलेला कप तेव्हाच वाचवतो जेव्हा तो बाहेरच्या एका कपाच्या जागी येतो. तुमची दुपारची कॉफी ऑफिसच्या खाली टीमबरोबर होते, घरच्या मशीनने ती बंद होणार नाही, मग ती या हिशोबात धरूच नका. आणि घरी मशीन आलं की रविवारी दुपारी, पाहुणे आल्यावर, रात्री पिक्चर बघताना असे जे जास्तीचे कप होतात ते आनंदाचे आहेत पण ते खर्चाच्या बाजूला लिहायचे, बचतीच्या नाही.

काउंटरपलीकडे

मी काही वर्षं कॅफेत काम केलंय त्यामुळे दुसरी बाजू सांगते. बरेच लोक म्हणतात की इतक्याशा कॉफीचे एवढे पैसे, लूट आहे. पण त्या कपात बिया हा छोटा भाग असतो. जागेचं भाडं, माणसांचे पगार, दूध, झाकण-कप, दिवसभर चालू ठेवलेलं मशीन, टॅक्स, आणि सकाळी रांग लागते म्हणून ठेवलेली माणसं दुपारी रिकामी वेळ असली तरी पगार घेणारच ना, घ्यायलाच पाहिजे. बियांची नवीन पिशवी उघडली की चव जुळेपर्यंत दोन-चार शॉट सरळ सिंकमध्ये जातात. तुम्ही मोठा हिस्सा जागेचा आणि माणसाच्या हाताचा देता.

याच्यामुळे एक गोष्ट होते जी फारशी कोणी बोलत नाही. बिया महागल्या की टक्क्यांच्या हिशोबात त्याचा फटका घरी करणाऱ्याला जास्त बसतो. ब्राझीलमध्ये जुलै १९७५ ला कडाक्याच्या थंडीत दव गोठून कॉफीचे मळे करपले, त्यानंतर १९७७ मध्ये जागतिक बाजारात भाव विक्रमी गेले होते. तो विक्रम डिसेंबर २०२४ मध्ये मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका जातीची कॉफी पाउंडाला ४ डॉलरच्याही वर गेली. समजा कच्च्या बियांचा भाव दुप्पट झाला, तर घरी काळी कॉफी पिणाऱ्याचा कप बराच महाग होतो कारण त्याच्या कपात बियांशिवाय दुसरं काही नाहीच. कॅफेच्या कपात बाकीचा खर्च इतका मोठा की तिथे वाढ थोडी दिसते. तरी घरचा कप स्वस्तच राहतो हे खरं, पण दोन वर्षांपूर्वीची जुनी गणितं वाचून मशीन घेऊ नका, आजच्या भावाने करा.

निवांतवेळ

मला कळत नाही लोक थेट एस्प्रेसो मशीनवरच का उडी मारतात. एस्प्रेसो म्हणजे ९ बार दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदात काढलेली कॉफी, त्याला यंत्र लागणारच आणि त्याच्या जोडीला एकदम बारीक आणि एकसारखं दळणारा ग्राइंडरही लागणार. पण घरी चांगली कॉफी म्हणजे एस्प्रेसोच असं कुठे लिहिलंय? मेलिटा बेंट्झ नावाच्या बाईंनी १९०८ मध्ये जर्मनीत पेपर फिल्टरचं पेटंट घेतलं, ते सुद्धा मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून सुचलेलं. बियालेत्तींचा मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं, खालचं पाणी वाफेच्या जोराने कॉफीतून वर चढवणारं भांडं, १९३३ चा. या वस्तूंना ना पंप ना सर्किट, बिघडायला काही नाहीच, मोका पॉटचं रबर बदललं की झालं.

माझा सकाळचा प्रकार सांगतो. मग वजनकाट्यावर, त्यावर शंकूसारखा फिल्टर कोन, कोनात फिल्टरचा कागद, कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी फेकायचं म्हणजे कागदाची चव उतरत नाही. १५ ग्रॅम ताजी दळलेली कॉफी, त्यावर आधी फक्त ओली होईल इतकंच पाणी. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर कॉफी लगेच फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. शिळी असेल तर ढिम्म बसून राहते, हलत पण नाही. अर्धा मिनिट थांबायचं आणि मग गोल गोल बारीक धारेनं काटा २५० ग्रॅमला येईपर्यंत पाणी. किलोत असे ६६ मग होतात. धुवायला काय, कागदासकट चोथा उचलून टाकला की संपलं.

दुधाची हवी असेल तर मोका पॉटची कडक कॉफी घ्या आणि दूध ६० अंशांच्या आसपास गरम करून फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी असलेलं उभं भांडं) ओता, दांडा वीस-पंचवीस वेळा खालीवर करा, मस्त दाट फेस येतो. कॅफेवाल्या नक्षीला चालणार नाही पण प्यायला एक नंबर.

खर्च करायचाच असेल तर आधी ग्राइंडरवर करा. पात्याचा नाही, बर असलेला, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा, हाताने फिरवायचा सुद्धा चालतो. दळून ठेवलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उडतो आणि मग महागड्या बिया आणून उपयोग काय. आणि कॅप्सूल मशीन (कॉफी भरलेल्या छोट्या बंद डब्या वापरणारं) स्वस्त मिळतं म्हणून भुलू नका, एका कॅप्सूलमध्ये ५-६ ग्रॅम कॉफी असते, म्हणजे शंभर कॅप्सूल घेतल्या की हातात जेमतेम पाच-सहाशे ग्रॅम कॉफी. तोच भाव किलोवर नेऊन बघा, डोळे उघडतील. घाईच्या घरात सोय आहे हे मान्य, पण पैसे वाचवायचा मार्ग म्हणून नाही.

धुकंपहाट

वा, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार! आकडेमोड, तुमच्या पद्धतीने काल रात्री दोघांनी बसून काढलं. आमचा घरचा कप बाहेरच्याच्या पावपेक्षा थोडा वर येतोय, आणि गंमत म्हणजे त्यात दूध बियांपेक्षा फार कमी नाहीये. दुपारची कॉफी मी काढून टाकली हिशोबातून, ती सोडायची पण नाहीये मला. दिवसभरात तेवढाच अर्धा तास स्क्रीन सोडून माणसांशी बोलणं होतं, कामातले अर्धे गुंते तिथेच सुटतात, त्याला मी कॉफीचा खर्च म्हणतच नाही.

प्रश्न फक्त सकाळचा आहे. सकाळी आमच्याकडे अक्षरशः पळापळ असते. मशीन तापणार कधी, दूध फेसाळणार कधी, आणि ती दूध फेसाळायची वाफेची नळी लगेच पुसली नाही तर दूध सुकून बसतं म्हणे?

आकडेमोड

हो, नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडायची, नाहीतर आत दूध जातं आणि वास मारतो. तापायला मशीनवर आहे, काही मिनिटभरात तयार होतात, मोठ्या बॉयलरवाल्यांना पंधरा-वीस मिनिटं पण लागतात. तुमच्यासारख्या सकाळी मी तरी मशीन घेणार नाही. आधी मोका पॉट आणि हातग्राइंडर घ्या, दोन्ही मिळून थोडक्याच कपांत वसूल होतात. दोन-तीन महिने सकाळची बाहेरची कॉफी खरंच बंद राहिली तर मग मशीनचं बोला. आणि बंद नाही राहिली तर तेवढाच खर्च झाला, पुढचा टळला.

काउंटरपलीकडे

+१. फक्त पिशवी घेताना भाजल्याची तारीख बघा, एक्सपायरी नाही. आणि स्वस्त पडते म्हणून एकदम किलोभर आणू नका, दोघांना दिवसाला दोन कप म्हणजे पाव किलोची पिशवी आठवडाभर जाते, तेवढीच घ्या. जास्त आणलीच तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, आणि बाहेर काढलेली पुडी पूर्ण रूम टेंपरेचरला आल्याशिवाय उघडू नका नाहीतर बियांवर ओल धरते.

धुकंपहाट

भाजल्याची तारीख कधी बघितलीच नव्हती, आता बघते. मोका पॉट दोन कपांचा घ्यावा की मोठा? आम्ही दोघंच आहोत पण दोघांनाही कडक लागते.

निवांतवेळ

त्यांचे "कप" छोटे असतात, एक म्हणजे जेमतेम ५० मिली. दोघांना दूध घालून कडक हवी तर सहाचा घ्या, आणि अर्धा भरून करायचा नाही, त्या पॉटमध्ये चाळणी पूर्ण भरली तरच नीट उतरते. दाबून मात्र भरू नका, नुसती भरून वरून सपाट करा. खाली थंड ऐवजी गरम पाणी घातलंत तर सकाळची तीन-चार मिनिटं पण वाचतील, फक्त पॉटचे दोन भाग फिरवून घट्ट बसवताना फडक्याने धरा, भाजतं.